तीनशिंगी राक्षसाचा जीव

मसूर, जिल्हा सातारा
मार्गशीर्ष, सन १९७४

चिरंजीव आकारामास थोरल्या बहिणीचे, बनुआक्काचे, पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? मुंबईत बसून एवढे राक्षस काढतोस, एखादा वैद्यही काढ. इकडे सगळे धडधाकट, माझे गुडघे सोडून. पत्र नात अंजना लिहिते आहे (मी सांगते आणि ती हात आखडते, आत्ताही आखडला).

परवा तिला बघायला पलूसहून पाहुणे आले. मुलगा मिलिटरीत, सुपारीचंही व्यसन नाही, आणि पोरीला पसंत (हे तिने लिहायचं नाही म्हटलं, तरी लिही). बाप कोण, तर लालासाहेब. होय, तोच. बेंदराला ज्याचे बैल रंगवायला गेलास आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर मालकाचंच तोंड मिशीसकट काढून आलास. मिरवणुकीत गाव हसलं, तू चाबकाच्या भीतीने रेल्वेत बसलास तो थेट मुंबईला. तिथे पाट्या रंगवल्यास, सिनेमाची पोस्टरं रंगवलीस, आणि आता तुझं चित्रांचं पुस्तक सातारच्या स्टँडवर आलं की पोरं शाळेत दिसत नाहीत. एवढी कीर्ती, पण उभी आहे बैलाच्या मागच्या बाजूवर, हे विसरू नकोस.

तर पाहुणे पोहे खात होते आणि पोस्टमन तुझं नवं पुस्तक देऊन गेला. उघडलं तर आत राक्षस. मला अक्षरं येत नाहीत, पण तोंडं वाचता येतात. तीन शिंगं लावलीस म्हणून काय झालं? तीच मिशी, तोच नाकावरचा मस. (मागची पुस्तकं का पाठवली नाहीस ते आता कळलं.) पुस्तक घोंगडीवर टाकून मी वर बसले. सुनेने आत बोलावलं, उठले नाही. ओटी भरायला हाक आली, गुडघे पुढे केले. शेवटी लालासाहेब निघताना म्हातारीच्या पाया पडायला वाकले, आणि मांडीखालून डोकावणारं शिंग त्यांना दिसलं. हळूच ओढून त्यांनी पान न् पान पाहिलं. अंजना दाराआड चौकट धरून उभी.

शेवटच्या पानावर राक्षस कड्याला लोंबकळतोय, वर राजपुत्र तलवार उगारून. लालासाहेब म्हणाले, "आवं आक्का, ह्यो मीच हाय. दिवाळीपास्नं पलूसची पोरं मला वाट सोडून हुबी ऱ्हात्यात. पर आता ह्यो मेला, तर तीच पोरं हसत्याल, चावडीवर बसू कसा? म्होरलं पुस्तक बघतो, मग सुपारी फोडू."

आणि गेले. तेव्हापासून अंजना ताटावरून अर्धपोटी उठते.

पोरीकडे बघून काय ते कर.

तुझी,
बनुआक्का

ता. क. राक्षसाला मारू नकोस.

दुसरा ता. क. अक्षता पडल्या की मग खुशाल ढकल. (हे अंजना लिहीत नव्हती. मामंजी आहेत म्हणते. म्हटलं, अजून व्हायचे आहेत.)

तिसरा ता. क. त्याला कड्यावरून वर ओढायला कुणी लागलंच, तर पुस्तकातली ती चेटकीण पाठव. नाक माझं आहे, पहिल्याच पानावर ओळखलं. ओढेल ती. गुडघे तेवढे धड काढ.