माशांचा हौद

९ डिसेंबर, सोमवार

मासे पुन्हा मेले. सकाळी हौदाच्या कडेला पांढरी पोटं वर करून तरंगत होते. जाळीने काढले, मळीच्या ढिगामागे पुरले.

पंडितसाहेब म्हणाले, "नवे आण. गुरुवारी तपासणीला मानसं येनार हायत."

साहेब आमच्या सांडपाणी विभागाचे सुपरवायझर. साखर कारखान्याचं घाण पाणी आमच्याकडे येतं. चुना टाकायचा, शेणकाला घालून हवा मारायची, गाळ बसवायचा, वाळूतून गाळायचं — आणि शेवटी माशांचा हौद. तिथून पाणी परत कारखान्यात. बाहेरचं कुणी आलं की साहेब हौदावर नेतात, मूठभर मुरमुरे टाकतात. मासे वर आले की पाणी चांगलं. मग चहा.

१० डिसेंबर, मंगळवार

धर्मापुरीकडच्या तळ्यावरून चिलापी आणली. मासेवाला म्हणाला, "काय बे, मागच्याच हप्त्यात नेले व्हते की. पाळता का खाता?"

मी हसलो नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

तपासणी झाली. मुरमुरे टाकले, मासे आले. एकाने फोटो काढला. "झकास." मी जाळी पाठीमागे धरून उभा.

संध्याकाळी करिष्माकडे गेलो. माझी धाकटी बहीण. सातवा लागलाय, तरी शहादेवदाजींबरोबर ऊस तोडते. तोडणीवाल्यांच्या तळावरच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, आमच्या हौदाला लागूनच आहेत. तिने तांब्या पुढे केला. वास ओळखीचा.

"हे कुठलं?"

"तुझ्याच हौदातलं. पान्याचा टँकर येईना."

"पिऊ नको."

"कावून? मासे जगत्यात त्याच्यात. आमी काय माशापरीस नाजूक हाव का?" मग हळूच, "दादा, एखादा आण की. लई खाऊ वाटायलेत. भावाला डोहाळे सांगायची लाज वाटती, पन सांगते."

मी नाही म्हणालो. "कंजूस," म्हणाली, आणि तोंड फिरवून भाकरी थापायला लागली.

१४ डिसेंबर, शनिवार

कारण दिसलं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या फाटकातून एक टँकर येतो. आपल्या कारखान्याचा नाही. नंबरावर चिखल फासलेला. नळी सरळ पहिल्या हौदात. निळसर पाणी, डोळ्यांत झोंबणारं. हवेच्या हौदातला तपकिरी फेस संध्याकाळपर्यंत काळा पडला. म्हणजे शेणातले जंतू मेले. ते मेले की घाण तशीच पुढे जाते.

साहेबांना विचारलं. म्हणाले, "तुझी ड्यूटी हौदाची. टँकरची न्हाई." थोड्या वेळाने खांद्यावर हात ठेवला. "सोमेश्वर, औंदा तुझं नाव पर्मनंटसाठी लावलंय मी. धाव्वी नापासाला कोन ठेवतं सांग बरं?"

हात बराच वेळ खांद्यावर होता.

१५ डिसेंबर, रविवार

आठ मासे मेले. कोणी उठायच्या आत काढले. पिंपात राखून ठेवलेले आठ नवे सोडले.

१६ डिसेंबर, सोमवार

दाजींना म्हणालो, हे पाणी पिऊ नका. त्यांनी मला हौदावर नेलं. भाकरीचा तुकडा टाकला. मासे वर आले.

"बघ. सायबं बी असंच बघत्यात ना?"

मी बदलतो ते. एवढंच वाक्य बोलायचं होतं. पण साहेब वाळूच्या टाकीपाशी उभे होते, आमच्याकडे बघत. दाजींच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या तळावर झालं असतं, आणि कोणी सांगितलं तेही.

जाळी उचलून कामाला लागलो.

१८ डिसेंबर, बुधवार

टँकर आला. या वेळी निळं नाही, काळं. वास घशात बसला.

साहेब दोन दिवस केजकडे लग्नाला गेलेत. मी ठरवलं. या वेळी मासे काढायचे नाहीत. बदलायचे नाहीत. मेलेले सगळ्यांनी बघावेत. मग कोणी ते पाणी तोंडाला लावणार नाही. मी बोललो असंही होणार नाही.

हे आधी का सुचलं नाही?

१९ डिसेंबर, गुरुवार

सकाळी मासे वर तोंड काढून हवा ओढत होते. हात लावला तरी हलत नव्हते. बघवेना. जाळी शेडमध्ये ठेवून कुलूप लावलं, सुट्टी टाकली, सिरसाळ्याला आईकडे आलो.

निघताना मागे वळून पाहिलं. हौदाच्या काठाला बायका जमल्या होत्या, पाण्याकडे बोटं दाखवत. करिष्माही होती. हायसं वाटलं. आता तिला कळेल.

आईने विचारलं, "पोरगी कशी हाय?" म्हणालो, "बरी आहे."

२० डिसेंबर, शुक्रवार

दाजी करिष्माला दवाखान्यात न्यायला जीप आणायला गेलेत. तोवर लिहितो.

सकाळी परत आलो, तर हौदात एकही मासा नाही. मेलेलाही नाही.

करिष्मा कोपीत पडली होती, पण हसली. "दादा, काल हातानं घावत व्हते रे. सगळ्या तळानं पाट्या भरल्या. मी दोनदा खाल्ले. जरा मळमळायलंय, बाकी काई न्हाई. तुझ्या वाटनीचा झाकून ठेवलाय बघ."

दारात, माशांच्या काट्यांशेजारी त्यांचं कुत्रं निजलं होतं. मी पायाने हलवलं. हललं नाही.