शेंदराचे ठिपके

सातारा,
वैशाख शुद्ध चतुर्थी, शके १९१६

प्रिय नाथाजी,

पाकिटाच्या पाठीवर ‘गाडी सुरू झाली’ एवढेच मी ठळक अक्षरांत लिहिले आहे, ते पोस्टमनसाठी नव्हे. सत्तावीस वर्षांनंतर माझे अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच कोनाड्यात टाकशील, अशी मला धास्ती होती. ते शब्द वाचल्यावर तुझा हात थांबेल, एवढी तुझ्या हाताची मला ओळख आहे. होय, आमच्या थोरल्या जोतीरामदादांची ती दोन सिलिंडरांची होंडा काल, अक्षय्य तृतीयेला, सकाळी दहाच्या सुमारास माझ्या अंगणात सुरू झाली आणि घटकाभर एका लयीत चालली. तिचे इंजिन मी स्वतः पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत उघडले आणि पुन्हा जुळवले. चौसष्टाव्या वर्षी, निवृत्त संस्कृत शिक्षकाने, चातुर्मासात प्रवचने करणाऱ्या माणसाने. हसू आले असेल तर हस. ते हसणे मी फार वर्षे ऐकलेले नाही.

ती गाडी आपल्याकडे आली तो दिवस तुला आठवत असेल. दादा तेव्हा फौजेत कलकत्त्याला होते, आणि तिथे सोने-चांदी गाळण्याचे, गलाईचे दुकान चालवणाऱ्या विट्याच्या आपल्या पाहुण्यांनी एका जपानी साहेबाकडून ती त्यांना मिळवून दिली होती. रेल्वेतून उतरवल्यावर तिच्या खोक्याच्या फळ्या तूच सोडल्यास. औंधच्या स्टँडाशेजारी तुझे पत्र्याचे गॅरेज होते आणि तुझ्याखेरीज त्या गाडीला कुणी पाना लावायचा नाही, असा दादांचा हुकूम होता. सदुसष्ट सालच्या श्रावणात तू तिचे सगळे काम करून ती माझ्या स्वाधीन केलीस. आश्विनात, आपल्या वाडीतल्या यमाईचा नवा चांदीचा मुखवटा सांगलीच्या कारागिराकडून घेऊन येताना, विट्याच्या पुढच्या चढावर ती माझ्याखाली जागीच अडकली. ट्रकवर घालून मी ती औंधला आणली, तेव्हा दादा दसऱ्याच्या रजेवर आले होते. भरल्या स्टँडावर त्यांनी तुला सुनावले, की नाथाने तेल न भरताच गाडी दिली. तू आवाज चढवला नाहीस. तुझे ते वाक्य मला आजही जसेच्या तसे ऐकू येते: “इंजिन खोला दादा. आत काय हाय ते इंजिनच सांगंल.” दादांनी ते खोलू दिले नाही. गाडीवर ताडपत्री पडली आणि गोठ्याला कुलूप लागले. पुढच्या सहा महिन्यांत तुझ्या गॅरेजकडे कुणी फिरकेनासे झाले आणि तू सांगलीला दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये हाताखाली राबायला गेलास. दादा तुला सुनावत होते तेव्हा मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. देवीचा मुखवटा माझ्या कुशीत होता आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

गेल्या दसऱ्याला दादा आपल्या सुनेला म्हणाले, की गोठ्यातले ते मढे भंगारवाल्याला देऊन टाका, नाथाने मारलेली गाडी ठेवून काय करायची. त्याच सकाळी मी देवळात सत्य या विषयावर दीड तास बोललो होतो आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. मी भरल्या पानावरून उठलो. दुसऱ्या दिवशी टेंपो आणून मी गाडी साताऱ्याला आणली. दादांना एवढेच म्हणालो, की भंगारात द्यायचीच असेल तर आधी मला खोलून पाहू द्या. त्यांनी मला वेड्यात काढले, पण अडवले नाही.

माझ्याजवळ ना त्या इंजिनाचे पुस्तक होते, ना हाताला सराव. होती ती केवळ पाठांतराची एक जुनी रीत. आपल्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला पोटाशी धरून शिकवणाऱ्या गुरुजींनी मला क्रमपाठ दिला होता. पहिला शब्द दुसऱ्यासह म्हणायचा, दुसरा तिसऱ्यासह, तिसरा चौथ्यासह. प्रत्येक शब्द दोनदा येतो, म्हणून साखळीतली एकही कडी निसटत नाही. मी सुटे भाग तसेच पाठ केले: झाकण-जाळी, जाळी-वॉशर, वॉशर-स्प्रिंग, स्प्रिंग-खीळ. पत्रावळी मांडून प्रत्येक भागाची पंगत बसवली. तुझी वहिनी बनूबाई दारात उभी राहून म्हणे, की आजवर देवाला आळवलंत, आता वॉशरला आळवा. मी रिठ्याचे पाणी उकळायला तिचा बंब मागितला तेव्हा तिचा संयम सुटला. माझ्या बंबात गाडी शिजवणार का, असे तिने गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले आणि संध्याकाळी स्वतःच एक जुना हंडा आणून चुलीवर ठेवला.

नाथा, आता इंजिनाने काय सांगितले ते ऐक. तू आवळलेल्या प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या धातूवर मिळून शेंदराचा एक ठिपका देत असायचास. नट कुणी हलवला, तर ठिपका दुभंगतो. सत्तावीस वर्षांच्या चिकट थराखाली तुझे ते ठिपके मला एकामागून एक सापडले. सारे अखंड होते. तळाच्या, तेल सोडायच्या नटावरचा एकच ठिपका मधोमध चिरलेला होता. तू काम संपवल्यानंतर तो नट कुणीतरी उघडला होता. आणि आत तेल होते. गुळाच्या काईलीच्या कडेला आटलेल्या रसाची राब चिकटून राहते, तसे ते लालसर होऊन सगळ्या भागांवर घट्ट बसले होते. मी ते नखाने खरवडून नाकाशी नेले. तो वास कुठल्याही गॅरेजचा नव्हता. देवघरातली समई घासायला काढावी आणि तिच्या तळाशी जो वास असतो, तो तिळाच्या तेलाचा वास होता.

मला तो वास शोधावा लागला नाही. मला तो ठाऊकच होता. त्या श्रावणात कीर्तनानंतर एका गृहस्थांनी मला सांगितले होते, की परदेशी गाडीच्या तेलात जनावरांची चरबी असते. मी पडताळा घेतला नाही. त्याच गाडीवरून देवीचा मुखवटा आणायचा होता, आणि चरबीवर चालणाऱ्या वाहनावर देवी बसवायची, हे माझ्या सोवळ्या मनाला सोसेना. तू भरलेले तेल मी तळाचा नट खोलून परसातल्या बाभळीच्या बुडाशी सोडले आणि देवीच्या दिव्याचे घाण्यावरचे तेल मंत्र म्हणत इंजिनात ओतले. दोन महिने मी ती सांगलीच्या फेऱ्यांना तशीच हाकली. तेल आतल्या आत आटून चिकट होत गेले, बारीक छिद्रे बुजली आणि त्या चढावर गाडी अडकली. तुला विचारून जे करायचे ते मी शास्त्र समजून केले, आणि स्टँडावर तू इंजिन खोला म्हणालास तेव्हा दादांनी ते खोलू नये म्हणून मी मनात देवीचा धावा केला. गावात पंडित म्हणून मिळालेला मान मला तुझ्या भाकरीपेक्षा मोठा वाटला. यापेक्षा सौम्य शब्द मला सापडत नाहीत आणि सापडले तरी मी ते वापरणार नाही.

एक गोष्ट मात्र तू कारागीर म्हणून ऐकशील तर तुला नवल वाटेल. ज्या चिकट थराने इंजिन मारले, त्यानेच ते जपले. रॉकेल आणि रिठ्याच्या पाण्याने तो सुटत गेला, तसे खालचे पोलाद कालच घडवल्यासारखे लखलखू लागले. गंजाचा एक डाग नव्हता. पिस्टनच्या रिंगा तेवढ्या गेल्या होत्या, पण हल्ली रस्तोरस्ती धावणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीच्या रिंगा त्याच मापाच्या निघाल्या. झडपा उघडणाऱ्या वरच्या दांड्याला एके ठिकाणी झीज होती. आमच्या इथला लेथवाला बिराप्पा याने त्याला नवे बुश बसवून दिले. तो काम करताना अखंड शिव्या घालतो आणि केसाइतकी चूक करत नाही. तुम्हा दोघांचे जमेल.

काल सकाळी दादांना मी मुद्दाम बोलावून घेतले होते. सत्तरी उलटली तरी सुभेदारी गेलेली नाही. खुर्ची अंगणाच्या मधोमध मांडून बसले. बिराप्पा होता, शेजारची दोन-चार माणसे होती. मी किक मारली आणि तिने उलट उसळून माझ्या नडगीवर असा तडाखा दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्यांदा तेच. दादा सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, की नाथाने मारलेली गाडी ब्रह्मदेव आला तरी उठायची नाही. आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताची पहिली पायरी सांगितली आहे, की आपला दोष लोकांसमोर स्वतःच्या तोंडाने उच्चारावा. मी ती आजवर शेकडो वेळा शिकवली आहे. काल प्रथमच चढलो. म्हणालो, “दादा, ती नाथानं न्हाई मारली. मी मारली.” आणि तेलापासून ठिपक्यापर्यंत सारे सांगितले. तळाचा तो नट मी धुतला नव्हता, त्याच्या जागी नवा बसवून तो जपून ठेवला होता. तो मी त्यांच्या तळहातावर ठेवला.

दादा त्या चिरलेल्या ठिपक्याकडे पाहत राहिले. शेवटी बनूबाईच पुढे आली. ठिणगी नेमकी केव्हा पडावी हे ठरवण्यासाठी इंजिनाच्या डाव्या अंगाचे चाक हाताने फिरवून त्यावरची खूण जुळवावी लागते. तिने महिनाभर मला ते फिरवताना पाहिले होते. तिने विचारले, की तुम्ही ते चाक नेहमी उजवीकडेच का फिरवता. मी म्हणालो, शुभ ते सारे उजवीकडून, प्रदक्षिणेच्या दिशेने. त्यावर ती म्हणाली, “आवं, मग म्हादेवाला कसं फिरता? अर्ध्यातनं माघारीच येता न्हवं? किक मारल्यावर ते चाक डावीकडं फिरतंय, मी बघितलं की.”

नाथा, सोमसूत्र, म्हणजे पिंडीच्या पाण्याची पन्हळ, ओलांडू नये, तिथून उलट फिरावे, हे मी चाळीस वर्षे लोकांना सांगत आलो. इंजिन स्वतः डावीकडे चालते आणि मी खूण उजवीकडून जुळवत होतो. त्यामुळे आतल्या साखळीचा ढिलेपणा भलत्या बाजूला साठत होता आणि ठिणगी आधीच पडत होती. माझ्या सोवळ्याने हे इंजिन दुसऱ्यांदा अडवले होते. या वेळी मात्र विचारायला कुणीतरी जवळ होते आणि मी ऐकले. चाक डावीकडे फिरवून सारे नव्याने जुळवले. तिसऱ्या किकला तिने दम घेतला, चौथीला ती उठली. आधी धूर निघाला, मग तो विरळ झाला आणि दोन्ही सिलिंडरांचा आवाज एकमेकांत असा मिसळला, की बिराप्पानेसुद्धा शिवी दिली नाही. बनूबाईने पदराने डोळे पुसले आणि धूर डोळ्यांत गेल्याचे सांगितले. मला तर गच्चीवर जाऊन साऱ्या साताऱ्याला ओरडून सांगावेसे वाटत होते.

दादा खुर्चीवरून उठले, टाकीवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटले, आता माझी पाळी. ते माझ्याशी काल दिवसभर बोलले नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. संध्याकाळी निघताना मात्र एवढेच म्हणाले, “जिथं त्याला बोललो तिथंच उभा राहून आता सांगीन. आन् त्याच्या दारात ह्याच गाडीवरनं उतरीन.”

म्हणून हे पत्र. येत्या वैशाखी पौर्णिमेला पहाटे आम्ही दोघे भाऊ साताऱ्याहून निघू, मी पुढे आणि दादा मागे. कराडचा रस्ता सोपा आहे, तरी आम्ही औंधवरून येऊ, कारण तिथल्या स्टँडावर दादांना काही बोलायचे आहे. मग विट्याचा तो चढ, या वेळी उतरणीच्या दिशेने, आणि दुपारपर्यंत सांगलीच्या वखारभागात तुझे घर. तुला ठाऊकच आहे, की नव्याने जुळवलेले इंजिन पहिल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरनंतर थंड होऊ द्यायचे असते आणि मग हेडचे नट पुन्हा एकदा आवळायचे असतात. ते मी आवळणार नाही. त्या हाताला ते काम शोभत नाही, ज्याने तुझा ठिपका चिरला. इंजिनाच्या एकाही नटावर मी खूण केलेली नाही, सारे कोरे ठेवले आहेत. पाना तुझा असू दे. यमाईच्या पायांजवळची शेंदराची पुडी मी खिशात घालून आणतो आहे. दार उघडायचे की नाही, हे तू ठरव. उघडले नाहीस, तर पुडी उंबऱ्यावर ठेवून आम्ही कोऱ्या नटांनिशी परत फिरू, आणि तेही न्याय्यच होईल.

तुझ्या हातभर अंतरावर उभा राहिलेला आणि आता ते अंतर चालून येणारा,
तुझाच,
आकाराम