वेल्डिंगच्या वर्गाचा नारळ

मु. चिखली

श्रीयुत हिंदुराव यांस अर्जुनरावाचा रामराम. येथे सर्व सुखरूप असून तुमच्या भगिनी कस्तुराबाई यांचे गुडघे पूर्ववत, म्हणजे दुखतात. तुमचा खोकला व तुमची म्हैस या दोहोंच्या प्रकृतीचे वर्तमान सविस्तर कळवावे. (फोनवर तुम्ही 'बरं आहे' एवढेच म्हणता, त्यावरून कोणाचे बरे आहे याचा बोध होत नाही.)

पत्रास कारण असे की, माझी नात साक्षी बारावी होताच, घरात कोणास न विचारता, येथील कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंगच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमास नाव घालून आली. तिच्यासाठी तुम्ही चाकणच्या कंपनीतील गणराजचे स्थळ आणलेले, मी तुम्हांस शब्द दिलेला, आणि मुलगी ठिणग्या उडवायला निघालेली. तिचे नाव काढून आणतो, असे मी घरात जाहीर केले. साक्षी एवढेच म्हणाली, "आधी बघून तरी या, आबा." काल मी गेलो तो बघण्यासाठी नव्हे, हे येथे स्पष्ट करतो.

परंतु हिंदुराव, त्यास कॉलेज म्हणावे तर तेथे बाके नाहीत. एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रे मांडलेली आणि विद्यार्थी उभे. आठवड्यातले काही दिवस येथे शिकावयाचे, उरलेले दिवस कंपनीत जाऊन तेच काम करावयाचे, आणि त्या कामाचेही गुण मिळतात. (आमच्या चौथीस तशी सोय नव्हती, गुरुजींच्या गोठ्यात मी केलेले काम त्यामुळे वायाच गेले.) परीक्षा कशी घेतात, असे मी एका मुलीस विचारले. तिने सांगितले की जोडलेला तुकडा मुद्दाम वाकवून बघतात. तुटला नाही तर पास. इतकी सरळ परीक्षा मी आजवर ऐकली नव्हती. ती लग्नांनाही लावता आली तर काय होईल, असे कुतूहल मनात आले, ते मी तेथेच आवरले.

मास्तर कोठे आहेत म्हणून चौकशी केली, तेव्हा कातडी एप्रन घातलेल्या एका व्यक्तीने तोंडावरचा मुखवटा वर केला आणि आतून लातूरकडच्या एक बाई निघाल्या. दीपमाला मॅडम त्यांचे नाव. नाव काढण्याचा विषय मी काढणार, तोच त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात, आबा. नव्या वर्गाचा नारळ फोडायचाय, अन् सगळ्यात वडील तुम्हीच दिसायलात. या की पुढं."

आता तुम्हीच सांगा, मान नाकारावा कसा? भावकीच्या एका लग्नात माझ्याऐवजी दुसऱ्यास नारळ दिला म्हणून मी जेवलो नव्हतो, हे तुम्ही जाणता. (माझ्यापायी तुम्हीही उपाशी राहिलात.) टोपी सारखी करून मी पुढे झालो. दगड मागितला, तर एवढ्या मोठ्या शेडमध्ये दगड नाही. यंत्रावर आपटण्यास माझे मन घेईना. अखेर ऐरणीवर फोडला आणि निम्मे पाणी मॅडमच्या बुटांत गेले. मागून एक पोरगा म्हणाला, "आबांनी एका दणक्यात काम केलं राव." (दणका एक नव्हता, मी दुरुस्ती केली नाही.)

खोबरे हाती आल्यावर माझ्या ध्यानी आले की, ज्या कामाचा नारळ मी फोडला, त्यातून माझ्याच घरचे माणूस मी आता काढून नेऊ शकत नाही. असा अपशकुन आमच्या घराण्यात कोणी केलेला नाही. मॅडमनी विचारले, "काही काम होतं का, आबा?" साक्षी भिंतीशी उभी होती, चेहरा उतरलेला. मी म्हणालो, "काही नाही. वेल्डिंग कसे दिसते ते बघावे म्हणून आलो."

त्यावर साक्षीने आपला मुखवटा माझ्या डोक्यावर चढवला, टोपीसकट. काळ्या काचेतून प्रथम सारेच अंधारले. मग मॅडमनी यंत्र चालू केले, दोन पत्र्यांच्या फटीतून एक इवलासा तेजाळ थेंब सरकत गेला आणि त्याच्या मागे फट उरलीच नाही. दोन लोखंडे एक कशी होतात हे मी कालपासून साक्षीस विचारीत आहे. ती सांगते, मला निम्मे कळते, म्हणून पुन्हा विचारतो. कस्तुराबाई वैतागल्या आहेत.

वहिनींस नमस्कार, लेकरांस आशीर्वाद.

आपला,
अर्जुनराव

ता. क. – लग्नाची बोलणी वर्षभर पुढे न्यावीत, असे गणराजच्या घरी तुम्ही कळवावे. पत्र खरे त्यासाठीच आहे. माझे नाव न घेता, मुलीस यंदा गुरुबळ नाही असे सांगावे.

पुन्हा ता. क. – पाकिटात घालण्यापूर्वी साक्षीने हे पत्र वाचले. ती म्हणते, तिने गणराजला परवाच फोन करून सांगितले की वर्ष होऊ दे, मग भेटू, पटलं तर पुढचं बघू. तो हो म्हणाला. "तुम्ही दोघं आता कशाला त्रास घेताय?" असे ती विचारते. तरीही पत्र धाडीत आहे. उलट टपाली तुमची संमती कळवावी, आणि तीवर तारीख परवाच्या आधीची घालावी.