बाण अलगद निघायला हवा

दि. ६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही केलेले बाण सुखरूप पोचले. खोकं उघडताच सरसाचा ओळखीचा वास आला आणि मी तिथेच जमिनीवर बसकण मारली. पिसांवरून बोट फिरवत किती वेळ बसले कोण जाणे. शेवटी नवऱ्याने विचारलं, की घरात बाण आलेत की बाळ.

पण एक वाईट बातमी आहे. आमच्या तिरंदाजी क्लबातली टार्गेटं दाट फोमची, कारखान्यातल्या बाणांसाठी केलेली. तुमचा पहिला बाण असा रुतून बसला की उपसताना मला घाम फुटला, वर दांडीवर वितळलेल्या फोमचा चिकट थर. दुसऱ्याचं तर टोकच आत राहिलं, ते कोरून काढावं लागलं. तुमच्या हातांना कंप सुटल्यापासून तुम्ही नवे बाण करत नाही, म्हणजे हे शेवटचे. म्हणून मी ते पुसून, कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलेत. मेमधल्या स्पर्धेत लाकडी बाणांचा वेगळा गट आहे, त्यातून नाव काढून घ्यावं म्हणते. रागावू नका.

मामीला नमस्कार. आशीर्वादांत काटकसर नको.

तुमची,
ठकू


दि. १५ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकंच सणकलं. अगं, मी बाण केले की शोकेसमधल्या बाहुल्या? नाव काढून घेतलंस तर आपलं बोलणं बंद.

आता नीट ऐक. दोष बाणांचा नाही, तुझाही नाही. दाट फोम लाकडी दांडीला आवळून धरतो आणि घासून तापतो. गवताचा भारा त्यापेक्षा बरा, पण सैल असला तर बाण आरपार जातो आणि पिसं सोलून निघतात. तू तागाचं मोठं पोतं घे आणि त्यात जुने कपडे पायाने तुडवून भर. बटणं, हूक, चेन आधी कापून टाक, कारण एवढ्याशा बटणानेही टोक वाकतं. बाण पिसांच्या अलीकडे थांबला पाहिजे आणि अलगद निघाला पाहिजे. काढताना एक तळवा पोत्यावर दाबायचा, दांडी पोत्यालगत धरायची आणि सरळ ओढायची. पोत्यामागे जुना गालिचा टांग, म्हणजे चुकलेला बाण भिंतीवर आपटणार नाही. निघालेलं टोक तूच चिकटव, तेवढं तुला शिकवलंय.

सासूबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद. माझा राग तात्पुरता आहे, लोभ कायमचा.

तुझा,
मामा


दि. २ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तस्संच केलं, आणि तरी फजिती झाली. मी चष्म्याच्या दुकानात कामावर होते तेव्हा सासूबाईंनी हौसेने पोतं भरून ठेवलं. त्यांचं सगळं आयुष्य लाँड्री चालवण्यात गेलेलं. त्यांनी प्रत्येक शर्टाला, प्रत्येक चादरीला इस्त्री केली, कडेला कड जुळवून घड्या घातल्या आणि थप्प्या रचल्या. माझा बाण दोन घड्यांच्या मधून सुळकन निसटला आणि मागच्या गालिच्यात जाऊन लटकला. एक पीस थोडं खरचटलंय, बाकी बाण शाबूत.

मी त्यांना कपडे चुरगळायची विनंती केली. बिचाऱ्यांनी खरंच प्रयत्न केला, पण प्रत्येक बोळा हातात घेतला की त्यांचा तळवा आपसूक तो सपाट करायला लागतो. या वयात ही वाईट सवय लागणार नाही, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. त्यांनी एकेक बटण किती जपून कापलंय ते पाहिलं असतंत, तर तुम्हीही काही बोलला नसतात. मग मी स्वतः भरलं, तर एका जागी दगड आणि दुसऱ्या जागी भगदाड. माझी अक्कल संपली. बाण पुन्हा कपाटावर आहेत. आता तुम्हीच काय ते सांगा.

तुमच्या रागासकट तुम्ही मला हवे आहात.

तुमची,
ठकू


दि. ११ मार्च

चि. ठकूस,
मामीचे आशीर्वाद आणि एक गालगुच्चा.

तुझ्या सासूबाईंच्या घड्या वाचून हे इतके हसले की ठसका लागला. आम्ही दोघं असे कधी हसलो होतो, आठवतच नाही.

तुला कळवलं नव्हतं, पण हात थरथरायला लागल्यापासून हे कामाच्या खोलीकडे फिरकलेच नव्हते. कोणी भेटायला आलं की हात टेबलाखाली लपवायचे. मीही घाबरून यांना काही करू देत नव्हते. तुझं पत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी माझं कपाट रिकामं झालं! चादरी गेल्या, पडदे गेले, माझा चांगला टॉवेलही गेला. खोलीत बसून बोळे करतात, तुडवतात, हाताने बाण खुपसून बघतात, नाक मुरडतात आणि सगळं उपसून परत भरतात. म्हणतात, चुरगळायला हात स्थिर लागत नाही.

रविवारी पोतं घेऊन स्वतः येताहेत. बसमध्ये त्याला वेगळी सीट मागतील बहुतेक. त्यांनी सांगितल्याशिवाय ओझ्याला हात लावू नकोस. पोरी, तू विचारलंस हे फार बरं केलंस. मी कोणत्या शब्दांत आभार मानू?

लोभ आहे, पण टॉवेल परत हवा आहे.

तुझी,
मामी


दि. २० मार्च

प्रिय मामी,
सा. न.

मामा घरी पोचले असतील, पण ते तुला काही सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

क्लबच्या मैदानावर पोतं त्यांनीच उभं केलं. मी सगळे बाण मारले. प्रत्येक बाण धप्प करून थांबला, पिसं बाहेर. मी काढायला निघाले तर त्यांनी मला अडवलं आणि स्वतः पुढे गेले. डावा तळवा पोत्यावर दाबला, उजव्या हाताने दांडी धरली. हात थरथरत होताच, पण बाण काही अडला नाही. एकेक करत सगळे निघाले, स्वच्छ, टोकासकट. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मामा लाजले. मी स्पर्धेतलं नाव कायम ठेवलंय.

निघताना बसच्या दारात त्यांनी मला सांगितलं, की बाण आता होणार नाहीत, पण पोतं फाटलं तर कळव, पोती लागतील तेवढी भरून देईन. मी सगळ्यांसमोर रडले, मामी. मला काय मिळालंय ते मला ठाऊक आहे.

म्हणून आता मी रोज मैदानावर जाते आहे. पोतं लवकर फाटायला हवं.

तुम्हा दोघांची,
ठकू