मुकादमाचं काय करायचं?

१० जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी काही सांगायला लागले की तू रडतेस, तू रडलीस की मी चिडते, आणि मग तब्येतीचं राहतं बाजूला. म्हणून आता सगळं कागदावर. तिसरा महिना लागलाय. सकाळी पोटात ढवळतं, दुपारी झोप येते, संध्याकाळी राक्षसासारखी भूक लागते. बाकी ठीक.

चष्म्याच्या दुकानात काचा घासताना ओल्या खडूसारखा वास येतो. इतकी वर्षं तो नाकालाही कळला नव्हता, आता उमासे येतात. मालकीणबाईंनी मला मशीनवरून उठवून पुढच्या टेबलावर बसवलंय, लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवायला. परवा एका आजोबांना मी सांगितलं, की चष्मा वाकडा नाही, तुमचा डावा कानच जरा वर आहे. ते आरशात बराच वेळ बघत राहिले. चष्मा घेतला, पण माझ्याशी बोलले नाहीत.

तुझे जावई पुलाच्या कामावरच आहेत. मधूनमधून शनिवारी येतात, रविवारी जातात. पण घरी मी एकटी नसते. मुकादम आहे. हल्ली मी आडवी झाले की तो येऊन पोटाला पाठ लावून झोपतो, आणि मी कूस बदलली तर कामगाराने सुट्टी मागितल्यासारखा बघतो. बोक्याला हे नाव उगाच नाही ठेवलं.

गुडघा कसा आहे? ऑपरेशनची तारीख मिळाली का? शिवणवर्गातल्या मुलींना माझा नमस्कार. तुझी माझ्यावर माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी,
छबू

---

२१ जानेवारी

चि. छबूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, त्यानंतर तीन महिने जिना चढायचा नाही म्हणतात. म्हणजे तुझ्या या दिवसांत मी इथे खुर्चीत आणि तू तिथे. शिवणवर्ग मुलीच चालवतील. दोघींना बटणाचं काज अजून नीट येत नाही, पण चालवतील.

आता नीट वाच. तो बोका घरातून जायला हवा. आजच्या आज. कुणाला दे, कुठे ठेव, मला माहीत नाही. पोटाला पाठ लावून झोपतो हे तू कौतुकाने लिहिलंस आणि मी पत्र तिथेच मिटून ठेवलं. पोटुशी बाई असलेल्या घरात मांजर नको म्हणजे नको. का म्हणून विचारू नकोस. मी आजवर तुला कशाला अडवलं? लग्नाला नाही, परगावी जायला नाही. एवढं एक ऐक.

दूध पी. जड उचलू नकोस. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझी आई

---

४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन चांगलं झालं, हे तुझ्या शेजारीणबाईंनी कळवलं. डॉक्टर सांगतील तेवढंच चाल, तुझ्या मनाने नको.

मुकादमाबद्दल. मी तुझं ऐकलं नाही, पण दुर्लक्षही केलं नाही. तुझं पत्र पर्समध्ये घालून सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी समजावलं ते जसंच्या तसं लिहिते. एक जंतू असतो, तो बाळाला खरंच अपाय करू शकतो, तेव्हा तुझी भीती पोकळ नाही. पण तो मांजराच्या शीमधून येतो. मांडीवर घेतल्याने, पाठीवरून हात फिरवल्याने येत नाही. उंदीर, पाखरं, कच्चं मांस खाणाऱ्या मांजराला तो होण्याची शक्यता जास्त. मुकादम घराबाहेर पडत नाही, आणि डब्यातलं किंवा शिजवलेलंच खातो. शी पडल्या पडल्या बाधत नाही, दिवस-दोन दिवस तशीच राहिली की बाधायला लागते. म्हणून त्याचा मातीचा ट्रे रोजच्या रोज साफ व्हायला हवा, आणि तो मी सोडून दुसऱ्या कुणी करायला हवा. आणि त्या म्हणाल्या, की बऱ्याच लोकांना हा जंतू अर्धकच्च्या मांसातून किंवा न धुतलेल्या भाजीतून होतो, आणि ते घाबरतात मात्र मांजराला.

मग रक्त तपासलं. रिपोर्ट आला, की तो जंतू मला कधीच झालेला नाही. मी आनंदाने उठलेच, तर त्यांनी मला परत बसवलं. म्हणाल्या, पूर्वी कधी होऊन गेला असता तर शरीराला त्याची ओळख असती आणि आता फारशी काळजी नव्हती. ओळख नाही, म्हणजे या महिन्यांत तो नव्याने होऊ द्यायचा नाही. तेव्हा मी आता मांस पूर्ण शिजल्याशिवाय खात नाही, भाजी धुऊन धुऊन तिचा रंग जायची वेळ आलीय, आणि गॅलरीतल्या कुंड्यांना हातमोजे घातल्याशिवाय हात लावत नाही. मुकादमाला ओट्यावर बंदी. ती त्याने मनावर घेतलीय असं दिसत नाही.

राहिला ट्रे. ते काम नानांनी उचललंय. सासरे मांजरापासून चार हात लांब राहणारे, जवळ आलं की शिंकांची माळ लागते, तुला माहीतच आहे. जन्मभर बस चालवली, रिटायर झाल्यावरही सकाळी घड्याळाच्या आधी उठतात. आता दोन गल्ल्या चालत येतात, नाकाला रुमाल बांधतात, बस धुवायचे जुने रबरी हातमोजे चढवतात, ट्रे रिकामा करून त्यावर उकळतं पाणी ओततात. सगळा वेळ मुकादम शेजारी बसून बघतो. नाना त्याला म्हणतात, की इतकी वर्षं नोकरी केली पण असा साहेब भेटला नव्हता.

आता तरी घोर सोडशील ना?

तुझी,
छबू

---

१९ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. सूनबाईला ते दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही.

आपण लिहिलंत, की ती कामावर गेली असताना बोक्याला पिशवीत घालून लांब सोडून यावं आणि दार चुकून उघडं राहिलं असं सांगावं. खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. शिंकून शिंकून बरगड्या दुखतात. मंगळवारी मी कापडी पिशवी घेऊनच गेलो. ती जमिनीवर ठेवून बोक्याला कसं धरावं याचा विचार करत उभा होतो, तोवर तो स्वतःच पिशवीत शिरला, गोल फिरला आणि झोपून गेला. मी खुर्चीवर बसून राहिलो. जो आपण होऊन पिशवीत येऊन झोपतो, त्याला उचलून गावाबाहेर टाकून येणं माझ्या हातून होईना. पिशवी तिथेच ठेवून घरी आलो.

शिवाय दुसरंही मनात आलं. तो हरवला असता तर सूनबाई घरात बसली असती का? काळोख पडेपर्यंत गल्लीगल्लीत हाका मारत, कचऱ्याच्या डब्यांमागे वाकत हिंडली असती. आणि बोका आठ दिवसांनी उंदीर खाऊन परत आला असता तर? आता आहे त्याहून ते वाईट. ट्रेचं काम माझं, त्यात एक दिवस खाडा होणार नाही. बस चालवताना केला नाही, आताही करणार नाही.

एक लहान तोंडी मोठा घास घेतो. आपण शहाण्या, डॉक्टरांचं मानणाऱ्या. तरीही इतकं घाबरलात, म्हणजे त्याच्यामागे काहीतरी असणार. मला सांगू नका, माझा तो अधिकार नाही. पण लेकीला सांगा. ती समजते आपल्याला मांजरं आवडत नाहीत. मला तसं वाटत नाही.

गुडघ्याला जपावं. आमच्यावरचा जिव्हाळा कमी करू नये, ही विनंती.

आपला,
नाना

---

२ मार्च

चि. छबूस,
अ. उ. आ.

आज काठी न घेता स्वयंपाकघरापर्यंत गेले. ही चांगली बातमी आधी सांगते, कारण पुढचं लिहायला जड आहे.

तुझ्या आधी मला दिवस गेले होते. तुझे बाबा होते तोवर त्यांनी आणि नंतर मीही हे तुला कधी सांगितलं नाही. सांगून काय करायचं, असं वाटायचं. तेव्हा आमच्याकडे एक मांजर होती, पांढरीशुभ्र, कापशी म्हणायचो. मी शिवणयंत्रावर बसले की ती मांडीवर येऊन बसायची, आणि पोट वाढायला लागलं तशी पोटाला टेकून झोपायची. तू तुझ्या बोक्याचं लिहिलंस ना, अगदी तशीच. मला फार बरं वाटायचं.

पाचव्या महिन्यात ते बाळ गेलं. दोन दिवस ताप आला आणि सगळं संपलं. तुझी आत्या बघायला आली होती. तिने दारातूनच मांजरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, की आणखी घ्या हिला मांडीवर. एवढंच म्हणाली. संध्याकाळी तुझ्या बाबांनी कापशीला पिशवीत घातलं आणि सायकलवरून घेऊन गेले. परत आले ते जेवले नाहीत. मी त्यांना कुठे सोडलं ते विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढे तू झालीस, आणि आम्ही त्या विषयाला झाकण घातलं.

मला मांजरं आवडत नाहीत असं तू सगळ्यांना सांगत आलीस. मीही सांगू दिलं.

छबू, तुझ्या डॉक्टरीणबाईंना एक विचारशील? तेव्हा ते तिच्यामुळे झालं का? मी तिला मांडीवर घेत होते म्हणून झालं का? उत्तर काहीही असलं तरी मला खरं तेच कळव. मला आता सोसेल.

तुझी आई

---

३० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कारण आता सांगते, आता सांगायला हरकत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मी तापाने पडले होते. कानामागे एक गाठही आली होती. पाचवा महिना, ताप, आणि उशाशी तुझं पत्र. मी ते अंथरुणात वाचलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नानांना काही न सांगता कळलं. त्यांनी रिक्षा बोलावली.

पुन्हा रक्त घेतलं. रिपोर्ट यायचा होता तोवर मी मुकादमाला खोलीत येऊ दिलं नाही. नाना मला समजावत होते, की डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय ना, त्याला शिवल्याने काही होत नाही. मला सगळं पाठ होतं, आई. तरी दार लावून घेतलं. तो बाहेरून दार खरवडत राहिला. तेव्हा मला तू कळलीस. डोक्याला पटलेलं सगळंच्या सगळं पोटाला पटत नाही.

रिपोर्ट चांगला आला. तो जंतू नव्हता, साधा ताप होता, दुकानात निम्म्या लोकांना झालेला. गाठ आपोआप बसली. बाळ सोनोग्राफीत पाय झाडत होतं.

मग मी तुझा प्रश्न विचारला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, की इतक्या वर्षांनी, तेव्हाची कसलीही तपासणी हाताशी नसताना, का झालं ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मांजरीमुळे झालं असं म्हणायला काही आधार नाही. ताप कशाचा होता तेही आता कळायचं नाही. पण एक गोष्ट नक्की सांगा म्हणाल्या: मांडीवर घेतल्यामुळे झालं नाही. मांजरीला मांडीवर घेतल्याने तो जंतू होत नाही, तेव्हाही होत नव्हता. तुमच्या आईंची यात काही चूक नव्हती. मग त्यांनी विचारलं, की एवढी वर्षं त्यांनी हे एकट्यांनीच बाळगलं का? माझ्याबरोबर आलेल्या नानांनीच होय म्हणून सांगितलं.

येशील ना? जिना मी नानांना सांगून खुर्चीवरून चढवीन तुला.

तुझी,
छबू

---

११ एप्रिल

चि. छबूस,
अ. उ. आ.

ताप लपवलास, त्याबद्दल भेटल्यावर बोलेन. आत्ता बोलायला बसले तर कागद पुरायचा नाही.

पत्र यंत्रावर ठेवून वाचलं. वर्गातल्या मुलींना त्या दिवशी लवकर घरी पाठवलं. जास्त काही लिहिता येत नाही. बरं वाटतंय, एवढंच लिहिते.

जूनमध्ये येते. खुर्चीबिर्ची नको, मी माझ्या पायांनी चढेन. नानांना म्हणावं, आता ट्रेचं काम माझ्याकडे द्या, बरगड्यांना सुट्टी द्या. मोजे मात्र त्यांचेच घालीन. बोक्याला मांडीवर घेईन की नाही ते मला अजून माहीत नाही, आग्रह करू नकोस. आणि एक आत्ताच सांगून ठेवते. बाळ झोपलेलं असताना त्या खोलीत तो एकटा नको. डॉक्टरांना विचार, त्याही हेच सांगतील.

तुझी आई

---

२० सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. तुझी नात रात्री दोनदा उठते आणि दिवसा झोपते. तपासणीत सगळं छान निघालं. वजन वाढतंय, डोळे दिव्याकडे वळतात. तू सांगितलं होतंस तेच डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं, म्हणून बाळाच्या खोलीला जाळीचं दार. तुझ्या जावयांनी रविवारी बसवलं. मुकादम जाळीला नाक लावून हुंगतो, ती रडली की घाबरून पलंगाखाली जातो. ट्रेची सकाळची पाळी पुन्हा नानांकडे गेलीय. तू शिकवलेल्या पद्धतीने करतात आणि तुझ्या नावाने कुरकुरतात.

तू त्याला मांडीवर घेतलं नाहीस. मी पाहिलं, शेवटच्या दिवशी बॅग भरताना त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवलास आणि लगेच जाऊन धुतलास.

एक मात्र बोलायचं राहिलं. दवाखान्यात, बाळ झाल्यावर, नर्स आली आणि तिने तुला विचारलं, की आजी, तुमची मुलं किती? सहज, बोलायचं म्हणून. मी डोळे मिटून पडले होते, तुला वाटलं झोपलेय. तू म्हणालीस, की दोन, एक राहिली आणि एक गेलं. नर्स बरं म्हणाली आणि बाळाचं दुपटं नीट करायला लागली. तू खिडकीजवळ जाऊन उभी राहिलीस. मला हाक मारायची होती, पण मी डोळे मिटूनच ठेवले.

आई, इतकं सगळं तू लिहिलंस, मी वाचलं, डॉक्टरांना विचारूनही आले. पण तुला मी एक अजून विचारलंच नाही. तो माझा भाऊ होता की ती माझी बहीण होती? पुढच्या पत्रात सांग. नाही तर तू येशील तेव्हा शेजारी बसून सांग. मला ऐकायचंय.

आमच्या तिघांवर माया असू दे,
तुझी छबू