सहसंबंध शून्य

२ फेब्रुवारी, सोमवार

०.९६! तीनदा करून पाहिलं. तेवढंच.

आज बारावीला सहसंबंध शिकवला. दोन गोष्टी जोडीने वर-खाली होत असतील तर आकडा एकच्या जवळ, एकमेकींशी देणंघेणं नसेल तर शून्याच्या जवळ. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मॅडम, याचा उपयोग काय? मी ऐटीत सांगितलं – पैसे गुंतवताना! सगळे एकदम बुडू नयेत म्हणून एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी ठेवायचे.

घरी आल्यावर म्हटलं, उदाहरणाला आपलेच कागद घेऊ. माझे चार म्युच्युअल फंड, सहा वर्षांचे महिन्या-महिन्याचे आकडे. कुठलेही दोन घ्या – ०.९३, ०.९६, ०.९४. चारही फंडांच्या याद्या काढल्या, तर त्याच बँका, त्याच सिमेंटच्या कंपन्या. एकच पाहुणा चार टोप्या घालून येत होता आणि मी चौघांचं आदरातिथ्य करत होते! वीस वर्षं हा विषय शिकवतेय मी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाचवा कागद राहिला होता – गोदामाचा. सहा वर्षांपूर्वी दादाने मला, आत्याला आणि धाकट्या बहिणीला एका कंपनीच्या योजनेत पैसे ठेवायला लावले. कंपनी गोदामं बांधणार, भाड्याने देणार, भाड्यातला वाटा आम्हाला. दादा तेव्हा विम्याच्या ऑफिसात होता. त्याचा शब्द आमच्यासाठी छापील. दर तीन महिन्यांनी हिशेबाचा कागद तोच आणून देतो.

फंडांशी सहसंबंध – ०.०२! बाजार कोसळला त्या महिन्यातही गोदाम शांत. जीव भांड्यात पडला. फंडांतले निम्मे पैसे इकडे आणले तर सगळ्याचा मिळून चढउतार निम्मा होतो. कागदावर सिद्ध केलं.

लगेच दादाला फोन. फंड विकून आणखी गोदामात टाकते म्हटलं. तर म्हणाला, "नको. आहे तसं राहू दे." का, तर म्हणे नवीन कोणाचे घेत नाहीत. आवाज कसासाच वाटला. सर्दी असेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अर्थशास्त्राच्या सरांना कॉलेजभर 'कात्री' म्हणतात, कोणाचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत म्हणून. मधल्या सुट्टीत त्यांना गोदामाचे आकडे कौतुकाने दाखवले. आज कात्री पाच मिनिटं गप्प!

मग म्हणाले, "बाजाराशी संबंध नाही, कबूल. पण गोदामाचा गोदामाशी तरी असायला हवा ना?"

म्हणजे काय, तर पहिली दोन वर्षं आकडे उड्या मारतात, एक महिना भाडंच नाही. खऱ्या गोदामासारखं. पुढची चार वर्षं दर महिन्याला ०.९५ ते १.०५ टक्के. एकही भाडेकरू गेला नाही, छप्पर गळलं नाही, कोणी भाडं थकवलं नाही. हे आकडे आपोआप आलेले नाहीत, कोणीतरी बसवलेत – असं त्यांचं म्हणणं.

रागच आला. घरी येऊन पासबुक उघडलं. पहिली दोन वर्षं कंपनीचं नाव. पुढे चार वर्षं नुसतं 'रोख भरणा'. शाखा – दादाच्या घराजवळची.

अठ्ठेचाळीस वेळा छापून आलंय आणि मी एकदाही वाचलं नाही. मी! मुलांना आकडे तपासायला शिकवणारी!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नवरा म्हणतो, दादांना सरळ विचार. धीर होत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

जुन्या कागदावरच्या पत्त्यावर जाऊन आले. दोन बस बदलून. पत्र्याचं फाटक, गंजलेलं कुलूप, आत कमरेइतकं गवत. समोरच्या टायरवाल्याने सांगितलं, कंपनी चार वर्षांपूर्वीच बुडाली, मालक परागंदा. तुमचेही गेले का, म्हणाला. मी म्हटलं, नाही, माझे दर महिन्याला येतात.

मग पाठवतं कोण, त्याने विचारलं. मी परतीची बस पकडली.

९ फेब्रुवारी, सोमवार

अर्धी रजा टाकून दादाकडे. वहिनी म्हणाली, कामावर गेलेत की, तुला माहीत नाही? निवृत्तीनंतर घरात करमेना, म्हणून तीन वर्षं वजनकाट्यावर जातात.

वजनकाटा! विम्याचा साहेब!

गेले तिथे. धुळीत एक काचेची खोली. ट्रक काट्यावर चढतो, आकडा उमटतो, दादा चिठ्ठी फाडून खिडकीतून देतो. खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर कागदांचे गठ्ठे. हा उभा. त्रेसष्टाव्या वर्षी. मला बघून चेहरा उतरला, पण रांगेतला ट्रक त्याने थांबवला नाही. तो गेल्यावर म्हणाला,

"थोडं कमी-जास्त करूनच भरायचो. दर महिन्याला सारखं दिसलं असतं तर तू ओळखलं असतंस."

मी विचारलं, का केलंस असं?

"पैसे तुमचे होते, पण शब्द माझा होता ना."

पहिलं वर्ष पगारातून भरलं, नंतर काट्यावरच्या मजुरीतून. त्यातलं त्याला जवळजवळ काहीच उरत नाही. वहिनीला वाटतं, सगळं बँकेत साठतंय. तिला सांगू नकोस म्हणाला. भांडायला गेले होते. येताना कोणावर चिडायचं तेच कळेना.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वर्गात फळ्यावर दोनदा चुकले.

मी, आत्या, धाकटी. तीन घरं, तीन ठेवी – आणि सहसंबंध एक! पुरता एक! दादाचे गुडघे बसले की तिघींचं एकाच दिवशी बंद. आणि हीच माझी सर्वांत भक्कम गुंतवणूक म्हणून मी फंड विकायला निघाले होते! आणखी भार टाकणार होते त्याच्यावर!

दादाला फोन करून सांगितलं, माझं या महिन्यापासून बंद. धाकटीला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, माझंही बंद.

राहिली आत्या. पंच्याऐंशीची, एकटी. बँक झेपत नाही म्हणून दादा तिला पाकिटातून रोख नेऊन देतो. तिचं मी आणि धाकटी मिळून देऊ, पण तिला कळायला हवं. दादा नको म्हणतो – "तिला सहन नाही व्हायचं." पण आता खोटं बोलणारं आणखी एक माणूस कशाला वाढवायचं? शनिवारी जाते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आत्याला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग उठली, कपाटाचा खालचा खण ओढला.

अठ्ठेचाळीस पाकिटं. एकही फोडलेलं नाही.

"कंपनी बुडाल्याचं पेपरात आलं होतं, बाळ. त्याच्या म्हातारपणाला होतील म्हणून ठेवलीत. परत दिली असती तर त्याने घेतली असती का?"