लाल पट्ट्यांची जात

१२ जानेवारी
मासेवालीने मासा टेबलावर ठेवला आणि लाकडी दांडक्याने डोक्यात हाणला. दोनदा. दुसऱ्या घावाला राखाडी अंगावर सात लाल पट्टे उठले — आतून कुणी कुंचला फिरवावा तसे! मी साठ मोजेपर्यंत टिकले, मग विझले. रंग आधीच कालवून ठेवले होते म्हणून चित्र साधलं.

डॉक्टरसाहेब — माशांवरचा ग्रंथ त्यांचा, मी नुसती चित्रं काढणारी — ओरडलेच. "नवी जात! असे पट्टे कुठल्याच ग्रंथात नाहीत!"

घरी बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, "सात पिढ्यांत कुणी पाटी-लेखणीला हात लावला नाही. आता हिची चित्रं ग्रंथात!"

१३ जानेवारी
जात पक्की करायला त्या पट्टेवाल्या माशाच्या अंगावरच्या मधल्या रेषेवरचे खवले पुन्हा मोजले. बासष्ट. झोप नाही.

१७ जानेवारी
बाजारातल्या नेहमीच्या राखाडी माशाचेही बासष्टच! परांचे काटेही तितकेच. मासेवालीला विचारलं. ती पोट धरून हसली. "तोच तो, बाई. मार बसला की लाल होतो. कोण नाही होत?"

चित्राखाली 'प्रत्यक्ष पाहून काढले' असं लिहून मला सही करायची आहे. पाहिलं हे खरं. पण काय पाहिलं? मार! जात नव्हे.

१९ जानेवारी
साहेबांना सांगितलं. "मासेवाली तुझी गुरू का?" म्हणाले. मग पिंपातला एक जिवंत राखाडी मासा टेबलावर टाकला आणि दांडकं माझ्याच हातात दिलं. "दाखव."

मी झुरळसुद्धा मारत नाही. पहिला घाव चुकून डोळ्यावर बसला. डोळा बाहेर आला. मासा उसळला, शेपटी माझ्या तोंडावर सपकन बसली. दुसऱ्या घावाला पट्टे उठले, मासा मेला. तरी मी तिसरा मारला. का?

"एका माशावरून काय ठरतं!" साहेबांनी पिंपाला लाथ घातली. आतले नऊ मासे फरशीवर आपटले, तडफडले, आणि एकामागून एक — नऊच्या नऊ लाल! साहेब बुटांनी त्यांना चिरडत सुटले. खवले भिंतीपर्यंत उडाले. मी ओरडत होते, "बघा ना! अहो, खाली बघा!"

बघितलं नाही.

२० जानेवारी
सही करणार नाही. काम गेलं तरी चालेल. बाबांना तसं सांगितलं. ते जेवले नाहीत.

२६ जानेवारी
बोटांच्या सांध्यांतून रक्त येईस्तोवर हात घासते. वास जात नाही.

२ मार्च
छापखान्यातून चित्राचं पान सहीसाठी घरीच आलं. साहेबांनी नव्या जातीला माझं नाव दिलं आहे. बाबांना वाचता येत नाही. त्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "ही तूच ना गं?"

मी हो म्हणाले. सही केली.